घाटाखालचा मुक्काम

मुंबई आणि पुणे ह्या दोन शहरांमधला प्रवास आता इतका सुलभ झाला आहे, की त्याला प्रवास म्हणण्याचाही कित्येकांना संकोच वाटतो. सकाळी मुंबईत न्याहारी करून निघालेला गृहस्थ दुपारच्या जेवणाला पुण्यात असतो. आणि वाटेत कोणकोणती गावे लागली असे विचारले, तर त्याला दोन नावेही धड सांगता येत नाहीत. परंतु सह्याद्री काही माणसाच्या सोयीसाठी उभा राहिलेला नाही. ऐन पावसाळ्यात एखादे दिवशी बोरघाटात दरड कोसळते, किंवा एखादे अवजड वाहन वळणावर आडवे होते, आणि मग मोटारींची रांग मैलच्या मैल खोळंबून राहते. ज्या गावाची आठवणही कोणाला नसते, त्या घाटाखालच्या खोपोलीत अशा दिवशी मोठमोठ्यांना मुकाट्याने थांबावे लागते.

अशाच खोळंब्यात सापडलेली एक मोटार डोळ्यांपुढे आणावी. तीत चौघे मित्र आहेत. शाळेपासूनची ओळख, पुढे चौघांचे चार मार्ग, आणि पुष्कळ वर्षांनी जमून आलेला हा एकत्र प्रवास. घाट बंद असल्याचे कळताच मोटार जुन्या रस्त्याने खोपोलीत शिरते आणि एका चहाच्या दुकानापुढे उभी राहते. एक जण घड्याळ पाहतो, दुसरा सरकारला दोष देतो, तिसरा डोळे मिटून घेतो. चौथा मात्र दुकानदाराला विचारतो, “इथे पाहण्यासारखं काही आहे का हो?”

“तळं आहे की नानांचं,” दुकानदार म्हणतो.

“कोणत्या नानांचं?”

“फडणिसांचं.”

एवढ्या एका उत्तराने चौघांचीही पावले तळ्याकडे वळतात. पुण्याच्या मेणवलीकर नानांचा ह्या कोकणातल्या गावाशी काय संबंध, असा प्रश्न त्यांना पडावा हे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे ध्यानात येते, की खोपोलीला मुद्दाम म्हणून फारसे कोणी आलेच नाही. जे आले, ते दुसरीकडे निघालेले होते आणि येथे त्यांना थांबावे लागले. ह्या थांबण्यातच ह्या गावाचा इतिहास साठलेला आहे.

खोपोलीची जुनी नावे खोपवली, खोपिवली अशी आढळतात. इंग्रजांच्या जिभेवर त्यांचे ‘कॅम्पूली’ झाले. गाव पाताळगंगेच्या काठी, सह्याद्रीच्या अगदी कुशीत वसले आहे. पनवेलच्या बंदरापासून येथवरची वाट साधारण सपाटीची. येथून मात्र डोंगराची भिंत एकदम उभी राहते, आणि तिच्या माथ्यावर खंडाळा व लोणावळा लागतात. बैलांच्या आणि तट्टांच्या काळात ही भिंत चढण्यापूर्वी जनावरांना विसावा देणे, त्यांना पाणी पाजणे, वैरण घालणे आणि पाठीवरचे ओझे पुन्हा नीट बांधून घेणे भाग होते. उलट, देशावरून घाट उतरून आलेला वाटसरू गुडघे धरून बसे, तोही येथेच. मुक्काम कोणी ठरवलेला नव्हता. डोंगरानेच तो नेमून दिला होता.

ही वाट फार पुरातन आहे. घाटमाथ्यावरची कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी आणि राजमाचीच्या पायथ्याचे कोंडाणे येथील लेणे, ही सर्व सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या वाहत्या व्यापाराची साक्ष देतात. कल्याण, सोपारा आणि चौल ह्या बंदरांत उतरलेला माल घाटवाटांनी देशावर जात असे, आणि त्याच वाटांवर व्यापाऱ्यांच्या दानातून बौद्ध भिक्षूंचे विहार कोरले गेले. कार्ल्याच्या चैत्यातील लेखांत दात्यांची आणि त्यांच्या गावांची नावे आजही वाचता येतात. भिक्षू धर्मासाठी राहत आणि व्यापारी पैशासाठी फिरत. परंतु दोघांना एकच वाट आणि एकच पाणी लागे.

पाण्यावाचून ह्या डोंगरात मोठ्या सैन्याचीही काय गत होते, हे खोपोलीच्या दक्षिणेस चावणी गावाजवळच्या उंबरखिंडीने एकदा दाखवून दिले. इसवी सन १६६१ च्या फेब्रुवारीच्या २ तारखेची ही गोष्ट. पुण्यात ठाण मांडून बसलेल्या शाहिस्तेखानाने कारतलबखान नावाच्या सरदाराला कोकण जिंकण्यासाठी पाठवले. त्याच्याबरोबर माहूरकडची प्रसिद्ध रायबागन होती. राजरस्त्याने न जाता आडवाटेने उतरून मराठ्यांना चकवावे, असा खानाचा बेत होता. दाट झाडी, अरुंद खिंड, तोफा आणि सामान ओढताना मेटाकुटीला आलेली माणसे, आणि तहानेने कोरडे पडलेले घसे, अशा स्थितीत शिवाजी महाराजांनी त्या फौजेच्या दोन्ही बाजू रोखून धरल्या. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. अखेर रायबागनच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली आणि खंडणी देऊन व सामान टाकून आपली व आपल्या सैन्याची सुटका करून घेतली. त्या ठिकाणी आता विजयाचे स्मारक उभे आहे.

पुढे शंभरावर वर्षे लोटली, आणि ह्याच डोंगराने दुसऱ्या एका सत्तेला थांबवले. राघोबादादांना पेशवाईच्या गादीवर बसवण्याच्या मिषाने मुंबईकर इंग्रजांनी १७७८ च्या अखेरीस पनवेलमार्गे आपली फौज घाटावर चढवली. लढणारे सुमारे चार हजार, आणि त्यांचे सामान वाहणारे बैल मात्र सुमारे एकोणीस हजार! ह्या लटांबराची पुढे १७७९ च्या जानेवारीत वडगावला कशी कोंडी झाली आणि इंग्रजांना कोणता मानहानिकारक तह करावा लागला, हे सर्वश्रुतच आहे.

त्या मानाने १७८१ ची मोहीम कमी परिचयाची आहे. परंतु खोपोलीच्या दृष्टीने महत्त्वाची तीच. वसई जिंकून आलेल्या जनरल गॉडार्डने फेब्रुवारीत बोरघाटाचा माथा हस्तगत केला आणि आपली मुख्य छावणी घाटाखाली खोपोलीला ठेवली. पुणे आता हाकेच्या अंतरावर आले, एवढ्या धाकानेच नाना फडणीस तहाला तयार होतील, असा त्याचा हिशेब होता. नाना हलले नाहीत. गॉडार्डच्या मनात चार दिवसांचा असलेला मुक्काम दोन महिने लांबला. तेवढ्या अवधीत परशुरामभाऊ पटवर्धनांनी पनवेल ते खोपोली ह्या रस्त्यावर घिरट्या घालून इंग्रजांच्या रसदेला जीव नकोसा केला. घाटमाथ्याच्या बाजूने हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर येऊन भिडले. पावसाळा जवळ आला तेव्हा एप्रिलमध्ये गॉडार्डने काढता पाय घेतला. खोपोलीहून पनवेल गाठीपर्यंतच्या तीन-चार दिवसांत त्याची साडेचारशेहून अधिक माणसे मेली वा जायबंदी झाली. जाताना जी वाट सोपी वाटली होती, तीच परतताना एवढी महाग पडली.

तळ्याच्या काठावर उभ्या असलेल्या त्या चौघा मित्रांना नानांचा खोपोलीशी असलेला एक संबंध येथे सापडतो. शत्रूला ह्या गावी अडवून धरणारी बुद्धी नानांची होती. पण समोर जे पाणी दिसते आहे, ते सांगते की गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. ज्या जागी शत्रूची कोंडी केली, त्याच जागी वाटसरूंची सोय करावी, हेही त्याच पुरुषाला सुचले. नानांनी येथे दगडी बांधणीचे तळे केले आणि त्याच्याजवळ महादेवाचे देऊळ उभारले. हाच खोपोलीचा वीरेश्वर.

नानांच्या राजकारणावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांना साडेतीन शहाण्यांतले अर्धे म्हणतात. कोणी त्यांच्या धोरणीपणाला नावे ठेवतात, कोणी तो शिरोधार्य मानतात. १७४२ साली जन्मलेला हा कारभारी १८०० च्या मार्चमध्ये निवर्तला, आणि त्यानंतर अठरा वर्षांच्या आत पेशवाई बुडाली. त्यांनी जे तह घडवले, जे पक्ष बांधले आणि जे पक्ष मोडले, त्यांपैकी आज काय उरले आहे? ग्रंथांतील पाने. परंतु घाट चढण्यापूर्वी माणसाला आणि जनावराला तहान लागते, एवढी साधी गोष्ट ओळखून त्यांनी जे बांधले, ते अद्याप पाण्याने भरलेले आहे.

पेशवाई गेल्यानंतरही ह्या तळ्याचा उपयोग ओसरला नाही. १८२५ साली कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हीबर मुंबईहून पुण्याला जाताना ह्याच गावी आला. राज्यकर्त्यांच्या धर्माचा हा मोठा अधिकारी. परंतु आपल्या प्रवासवर्णनात त्याने गावाच्या शोभेबरोबर तळ्याची आणि देवळाची वाखाणणी केली, आणि ते कोणी बांधले हेही नोंदवून ठेवले. पुढच्याच वर्षी तो त्रिचनापल्लीस वारला. नानांनी ज्या इंग्रजांना आयुष्यभर दूर ठेवण्याची खटपट केली, त्यांच्यातल्याच एकाने नानांचे नाव अशा रीतीने जपले. तळे बांधणाऱ्याने पाणी पिणाऱ्याची जात विचारली नव्हती, म्हणूनच हे घडले.

इंग्रजी अमलात मात्र घाटाकडे पाहण्याची दृष्टी पालटली. आता मुक्काम सुखाचा व्हावा ही इच्छा मागे पडून मुक्कामाची गरजच पडू नये, ह्या दिशेने सगळे प्रयत्न सुरू झाले. १८०४ मध्ये जनरल वेलस्लीने तोफा नेण्याजोगा रस्ता घाटात करवला. पुढे गाड्या चालतील असा पक्का रस्ता तयार झाला आणि १८३० च्या नोव्हेंबरच्या १० तारखेस मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्याने तो खुला केला. कोकण आणि देश ह्यांच्यामधली भिंत ह्या रस्त्याने मोडून काढली, अशा आशयाचे उद्गार त्याने काढले. भिंत मोडली हे खरे. तथापि ती अद्याप पुरती जमीनदोस्त झाली नव्हती.

तळ्यावरून निघालेले मित्र गावातून फिरत रेल्वेच्या स्टेशनावर येतात. रूळ येथे येऊन संपतात, पुढे डोंगर. कर्जतहून पळसदरी, केळवली, डोलवली आणि लौजी ही स्थानके घेत सुमारे १५ किलोमीटर अंतर तोडून येणारी लोकल येथे पोहोचते आणि आल्या वाटेने परत जाते. हे शेवटचे टोक एके काळी हिंदुस्थानातल्या पहिल्या आगगाडीचे देशाकडील दार होते, असे सांगितले तर चटकन विश्वास बसत नाही. १८५३ च्या एप्रिलमध्ये मुंबई ते ठाणे अशी पहिली गाडी धावली, आणि १८५६ च्या मे महिन्यात रूळ खोपोलीपर्यंत येऊन पोहोचले. १८५८ च्या जूनमध्ये घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे अशी दुसरी गाडी सुरू झाली. मुंबईकडे गाडी, पुण्याकडे गाडी, आणि मध्ये सह्याद्री!

पाच वर्षे हा चमत्कारिक प्रवास चालू होता. मुंबईहून वाफेच्या बळावर आलेले उतारू खोपोलीला उतरत, आणि मग कोणी पालखीत, कोणी तट्टावर, कोणी बैलगाडीत बसून घाट चढत. वर खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत पाय ठेवत. विसावे शतक ज्या यंत्रयुगाच्या नावाने ओळखले गेले, त्याची चाहूल खाली आणि वर लागली होती; मधल्या काही मैलांत मात्र भोयांच्या खांद्यांचे जुने युग चालू होते. ह्या पाच वर्षांत खोपोलीची गजबज किती वाढली असेल, ह्याची कल्पना करता येते.

ह्याच काळात खोपोलीच्या डोक्यावरच्या कड्यांत आणखी एक मोठी वस्ती जमली होती. जेम्स बर्कले ह्या मुख्य अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे १८५६ च्या आरंभी लोहमार्गाचे काम घाटात सुरू झाले. सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढायचे, त्यासाठी २५ बोगदे खोदायचे आणि ओढ्यांवर मोठमोठे कमानी पूल बांधायचे, असे ते प्रचंड काम. १८६१ च्या सुमारास त्यावर ४२,००० माणसे राबत होती. सुरुंग घालण्यासाठी कड्यावरून दोराने लोंबकळणारे, टोपल्यांनी राडारोडा वाहणारे, पावसात झोपड्यांतून कुडकुडणारे हे लोक. सुरुंगांनी, कोसळणाऱ्या दरडींनी आणि त्याहून अधिक पटकीने व हिवतापाने त्यांतले हजारो दगावले. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकल्यामुळे दंगा झाला आणि त्याची चौकशी झाली. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल ह्याने त्याच वर्षी काम सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट न सोडता कारभाऱ्यांकरवी ते तडीस नेले. बर्कले स्वतःही १८६२ साली वारला. घाटातून धावणारी गाडी पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. १८६३ मध्ये मार्ग खुला झाला.

मार्ग खुला झाला त्या दिवशी खोपोलीचा मुक्काम संपला. मुख्य रूळ पळसदरीवरून वळून डोंगरात चढले आणि खोपोली एका फाट्याच्या टोकाशी राहिली. अभियंत्याचे नाव राहिले, कंत्राटदारांची नावे राहिली. टोपली उचलणाऱ्यांपैकी एकाचेही नाव कोठे कोरलेले नाही. स्टेशनाच्या फलाटावर उभ्या असलेल्या मित्रांपैकी ज्याने मघाशी घड्याळ काढून पाहिले होते, तो येथे काही वेळ गप्प राहतो. दोन तासांच्या खोळंब्याची कुरकुर अशा जागी तोंडातून निघत नाही.

स्टेशनाकडून परतताना डोंगराच्या अंगावरून खाली उतरणारे जाडजूड नळ दिसतात. हा त्या पाण्याच्या कथेचा तिसरा अध्याय. घाटमाथ्यावर धो धो पडणारा पाऊस धरणांत साठवून तो कोकणात सोडावा आणि त्या पडत्या पाण्यावर वीज करावी, ह्या कल्पनेने जमशेटजी टाटांच्या मनात घर केले होते. ते १९०४ साली वारले. त्यांच्या मागे पुत्रांनी हे काम हाती घेतले आणि १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. लोणावळा, वळवण आणि शिरोता येथील तलावांचे पाणी सुमारे १,७०० फूट खाली खोपोलीच्या वीजगृहात आणण्यात आले, आणि १९१५ पासून ती वीज चाळीसाहून अधिक मैल दूर असलेल्या मुंबईकडे वाहू लागली. कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या मुंबईच्या गिरण्या ह्या पाण्यावर फिरू लागल्या. यंत्रातून सुटलेले पाणी पाताळगंगेला मिळते आणि पुढे वस्त्यांना आणि कारखान्यांना उपयोगी पडते.

नानांच्या तळ्याने वाटसरूची तहान भागवली. ह्या नळांतल्या पाण्याने एका महानगराचा अंधार दूर केला. दोहोंत मोठे कोणते, हा वाद व्यर्थ आहे. परंतु एक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. तळ्याचे पाणी पिणाऱ्याला ते कोणी दिले हे ठाऊक होते. पिण्यासाठी त्याला तेथे येऊन ओणवे व्हावेच लागे. मुंबईत दिव्याची कळ दाबणाऱ्याला मात्र खोपोलीची आठवण होण्याचे काहीच कारण उरले नाही. उपकार वाढला आणि ओळख तुटली.

ती ओळख पुढे आणखीच क्षीण झाली. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्णपणे वाहतुकीला खुला झाला, आणि मोटारी खोपोलीला बाजूला टाकून जाऊ लागल्या. ह्यात कोणाचा दोष नाही. वेळ वाचावा, जीव सुखरूप राहावा, माल लवकर पोहोचावा, हे इष्टच आहे. आणि पालखीच्या भोयांचे दिवस पुन्हा यावेत असे कोणताही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. परंतु वाट सोपी होताना तिच्यावर खपलेल्यांची आठवणही पुसली जावी, हे मात्र त्या सोयीचे आवश्यक मोल नव्हे. थांबण्याची सक्ती गेली तरी थांबण्याची इच्छा राहू शकते.

दुपार कलते. घाट मोकळा झाल्याची बातमी येते आणि चौघे मित्र पुन्हा मोटारीत बसतात. जुन्या रस्त्याने चढ लागल्यावर थोड्याच वेळात एक लहानसे देऊळ येते. हा शिंग्रोबा. घाटातून वाट कोठून काढावी हे गोऱ्या साहेबांना उमगेना, तेव्हा ह्या डोंगरात गुरे राखणाऱ्या एका धनगराने ती दाखवली. आणि बक्षीस म्हणून साहेबांनी त्याचा जीव घेतला, अशी कथा लोक सांगतात. कागदोपत्री ह्या कथेला आधार असो वा नसो, ती सांगणाऱ्यांच्या मनातला न्याय स्पष्ट आहे. ज्याने वाट दाखवली त्याचे नाव दगडावर कोरले गेले नाही, म्हणून लोकांनी त्याला देव केले. येथून जाणारे मोटारवाले आणि ट्रकवाले आजही गाडीतूनच एखादे नाणे त्याच्याकडे टाकतात.

खोपोलीत ज्याने डोळे मिटून घेतले होते, तो मित्र आता मोटार थांबवायला सांगतो. ती थांबते. पुण्याला पोहोचायला तेवढाच आणखी उशीर होणार असतो. परंतु ह्या खेपेस घड्याळाकडे कोणी पाहत नाही.